ऋतू, पाळी आणि गोळ्यांचे पाकीट

काही महिन्यांपूर्वी एका चर्चासत्रात स्त्रियांच्या कवितेतील देहभानावर एक निबंध वाचला गेला. निबंध चांगला होता, मेहनतीने लिहिलेला होता. शेवटाकडे येताना मात्र वक्त्यांनी एकदम वळण घेतले. पाश्चात्त्य देशांतल्या स्त्रिया आता गोळ्या खाऊन वर्षातून चारदाच पाळी येऊ देतात, काही तर येऊच देत नाहीत, असा दाखला त्यांनी दिला आणि ‘स्त्रीच्या देहातला शेवटचा ऋतूही बाजाराने विकत घेतला’ असे वाक्य उच्चारले. सभागृहात टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते, हे आधीच कबूल करते. चांगल्या वाक्याला दाद देण्याची सवय आम्हा मराठी शिकवणाऱ्यांच्या हाडीमासी खिळलेली असते.

परतीच्या एसटीत ते वाक्य टोचू लागले. लग्नानंतरच्या पहिल्याच गौरींच्या वेळी मी स्वतः गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकलली होती. सासूबाईंनी त्या गोळ्या औषधाच्या दुकानातून, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय, हळदीकुंकवाच्या सामानाबरोबर आणवल्या होत्या. त्या वेळी माझ्या देहातला ऋतू कोणी विकत घेतल्याची हाकाटी झाली नव्हती. घरात सगळ्यांना हायसे वाटले होते, मलासुद्धा.

या लेखाचा रोख त्या वक्त्यांवर नाही. त्यांच्या वाक्याला ज्या समजुतीचा आधार होता, तिच्यावर आहे. पाळी निसर्गाची आणि गोळी बाजाराची. महिन्याच्या महिन्याला रक्त आले की निसर्ग शाबूत, न आले की निसर्ग हरला, अशी ती समजूत. ती आमच्या स्टाफरूममध्ये आहे, कवितासंग्रहांच्या प्रस्तावनांत आहे, आणि जी आई आपल्या मुलीला डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी घेऊ देत नाही तिच्या मनातही आहे. समीक्षकाच्या तोंडी ती शोभून दिसते. त्या मुलीला ती महाग पडते.

आधी गोळी काय करते ते पाहू. साहित्याच्या पानावर शरीरशास्त्र कशाला, असे कोणी विचारील. पण शरीरशास्त्र न पाहता देहभानावर बोलत राहण्याचा कंटाळा येईल इतके ते आपण केले आहे.

स्त्रीच्या नेहमीच्या चक्रात मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी बीजकोशाला संप्रेरकांद्वारे इशारे देते. एक बीज पक्व होऊन बाहेर पडते. त्याच सुमारास गर्भाशयाचे अस्तर गर्भाच्या तयारीने जाड होत जाते, आणि गर्भ राहिला नाही की बीजकोशातून येणारी संप्रेरके ओसरतात आणि ते अस्तर गळून पडते. ही पाळी. नेहमीच्या गर्भनिरोधक गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन या जातीची दोन कृत्रिम संप्रेरके असतात. ती रोज ठरावीक मात्रेत रक्तात येऊ लागली की पीयूषिका गप्प बसते. बीज बाहेर पडत नाही, गर्भाशयमुखाचा स्राव घट्ट होऊन शुक्रजंतूंची वाट अडते आणि अस्तर जाड होण्याऐवजी पातळच राहते. मग २१ दिवस गोळ्या घेऊन सात दिवस थांबल्यावर रक्त येते ते कशाचे? संप्रेरके अचानक काढून घेतल्याने त्या पातळ अस्तराचा आधार जातो, आणि दोनतीन दिवसांत ते गळते. इंग्रजीत याला ‘विथड्रॉअल ब्लीड’ म्हणतात. औषध काढून घेतल्यामुळे होणारा स्राव, इतकाच त्याचा अर्थ. त्यामागे बीज नसते, चक्र नसते, ‘ऋतू’ तर नसतोच. गोळी घेणाऱ्या बाईला दर महिन्याला येते ती पाळीची नक्कल असते.

लांबवलेल्या चक्राची गोळी ही नक्कल कमी वेळा करते, किंवा अजिबात करत नाही. तीच गोळी २१ ऐवजी ८४ दिवस सलग घ्यायची, मग सात दिवसांची सुट्टी. वर्षातून १३ वेळा येणारा स्राव चारदा येतो. सुट्टी घेतलीच नाही तर ठरलेला स्राव येत नाही. ‘मग ते रक्त आत साठून राहते का?’ हा प्रश्न मला विचारणाऱ्यांत पदव्युत्तर पदवी घेतलेल्या बायकाही होत्या. नाही. साठायला तिथे काही तयारच झालेले नसते. (गोळी न घेता पाळी महिनोन्महिने चुकत असेल तर ते प्रकरण निराळे, त्याची तपासणी करायलाच हवी. या दोन गोष्टींची गल्लत होते म्हणून हा कंस.)

आता मुद्दा असा की ही सात दिवसांची सुट्टी आली कुठून? ती देहाने मागितलेली नव्हती. १९५०च्या दशकात बॉस्टनमध्ये जॉन रॉक नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ मूल न होणाऱ्या स्त्रियांना काही महिने सलग संप्रेरके देऊन पाहत होते. औषध चालू असेपर्यंत त्यांची पाळी थांबे, मळमळ होई, आणि आपल्याला दिवस गेले असे वाटून त्या बिचाऱ्या आनंदून जात; मग त्यांची समजूत घालावी लागे. तेव्हा त्यांचे सहकारी ग्रेगरी पिंकस यांनी सुचवले की औषध २० दिवस द्यावे आणि मग थांबावे, म्हणजे रक्त येईल आणि गैरसमज टळेल. पुढे गर्भनिरोधक गोळी तयार झाली तेव्हा तीच पद्धत तिला चिकटली. रक्त आले म्हणजे दिवस गेलेले नाहीत आणि सगळे ‘नेहमीसारखे’ चालले आहे, असा दिलासा तिच्यात होता. एनोविड ही गोळी अमेरिकेत १९५७ साली पाळीच्या तक्रारींसाठी मान्य झाली आणि १९६० साली गर्भनिरोधनासाठी. तिच्या मोठ्या चाचण्या १९५६ पासून प्वेर्तो रिकोतल्या गरीब वस्तीत झाल्या. तिथल्या बायकांना आपल्यावर प्रयोग चालला आहे हे धड सांगितलेही नव्हते. हा डाग गोळीच्या इतिहासावर आहे आणि तो पुसण्याची मला गरज वाटत नाही.

रॉक स्वतः रोज चर्चमध्ये जाणारे कॅथलिक होते. १९६३ साली त्यांनी एक पुस्तक लिहून असा युक्तिवाद केला की चर्चला ‘सुरक्षित दिवसां’ची पद्धत चालते, तर गोळीही चालावी, गोळी त्या सुरक्षित दिवसांची संख्या वाढवते एवढेच, आणि तेही शरीरात एरवी असणाऱ्या द्रव्यांसारखीच द्रव्ये वापरून. पोप सहावे पॉल यांनी जुलै १९६८ मध्ये हा युक्तिवाद फेटाळला. यावरून एक किस्सा रूढ झाला आहे की सात दिवसांची सुट्टी पोपला खूष करण्यासाठी ठेवली होती. या सुट्टीपासून आरोग्याला काही फायदा नाही, असे २०१९ साली ब्रिटनमधल्या लैंगिक व प्रजननआरोग्याच्या वैद्यकीय संघटनेने आपल्या मार्गदर्शिकेत नोंदवले, तेव्हा वर्तमानपत्रांनी हाच किस्सा मथळ्यांत चढवला. किस्सा गोड आहे, पण कालक्रमात बसत नाही. २० दिवसांचा हिशेब चर्चशी वाद सुरू होण्याआधीच मूल न होणाऱ्या स्त्रियांवरच्या उपचारांतून आला होता. पोपने काही न करताही ‘नैसर्गिक दिसण्या’ची गरज सगळ्यांनाच वाटत होती. डॉक्टरांना, कंपनीला आणि बायकांनाही. मला तरी हे किश्श्यापेक्षा जास्त बोलके वाटते.

एडिनबर्गमधल्या काही डॉक्टरांनी १९७७ सालीच तीन पाकिटे सलग देण्याचा प्रयोग करून तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला होता, आणि त्यात भाग घेतलेल्या बहुतेक बायकांना ही पद्धत आवडली होती. तरीही २६ वर्षे गेली. सप्टेंबर २००३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘सीझनेल’ला मान्यता दिली आणि ८४ गोळ्या अधिक सात निष्क्रिय गोळ्या असे ९१ दिवसांचे पाकीट बाजारात आले. २००७ मध्ये ‘लिब्रेल’ आली. तिच्यात सुट्टीच नव्हती. सीझनेल हे नाव ठेवणाऱ्या जाहिरातदाराला इंग्रजीतला ‘सीझन’ एवढाच ठाऊक असणार, वर्षाचे चार भाग. पण आपल्याकडे ऋतू हा शब्द हवामानालाही आहे आणि रजोदर्शनालाही. ऋतुमती, ऋतुस्नात हे शब्द आपण काव्यशास्त्राच्या तासाला शिकवतो. त्या नावाने नकळत जो श्लेष साधला, तो आमच्या वक्त्यांनाही सापडला होता. फक्त त्यांनी तो उलटा वाचला.

कारण सीझनेलच्या पाकिटात होते काय? प्रत्येक गोळीत ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्राडिऑल. आता सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी ‘माला-एन’ पाहा, किंवा तिची नाममात्र किमतीला विकली जाणारी बहीण ‘माला-डी’. २१ गोळ्या, प्रत्येकीत ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्राडिऑल. तेच द्रव्य, तीच मात्रा. ‘बाजाराने ऋतू विकत घेतला’ हे वाक्य सीझनेलच्या नव्या डब्याबद्दल खरे आहे: जुन्या गोळ्या नव्या क्रमाने मांडून कंपनीने त्यांचे स्वतंत्र औषध केले. पण मग त्याच न्यायाने २१ अधिक सातचा डबाही एक मांडणीच ठरतो. एक मांडणी निसर्ग आणि दुसरी बाजार, हे कोणत्या व्याकरणात बसते?

माला-एनच्या पाकिटातल्या उरलेल्या सात गोळ्या लोहाच्या असतात. गोळी घेण्याची सवय मोडू नये आणि जाता जाता पंडुरोगावर थोडा उपाय व्हावा, असा त्यांचा हेतू आहे, आणि तो वाईट नाही. पण पाकीट पुन्हा वाचा. ज्या सात दिवसांत, वैद्यकीय गरज नसताना, रक्त येऊ दिले जाते, त्याच सात दिवसांत रक्तवाढीची गोळी दिली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले, महाराष्ट्रात ५४.२ टक्के. गोळीवरचा स्राव नेहमीच्या पाळीपेक्षा कमी असतो, त्यामुळे मी या उपरोधाला फार ताणणार नाही. पण संहिता बारकाईने वाचायला शिकवणाऱ्या आपल्यापैकी कोणी हे पाकीट संहितेसारखे वाचलेले मला आठवत नाही.

गोळीची वकिली मी करत आहे असे वाटण्याचा धोका आहे, म्हणून तिच्या बाजूने जे बोलले जाते त्यातले खोटेही सांगते. लांबवलेल्या चक्रात ठरलेला स्राव कमी होतो. न ठरलेला वाढतो, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत. कधी डाग, कधी चांगलाच रक्तस्राव, तोही ऐन वेळी. पुढे तो बहुधा ओसरतो, सगळ्यांचा नाही. सीझनेलच्या दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातीत ही गोष्ट दडपली म्हणून २००४ च्या अखेरीस अमेरिकी प्रशासनाने कंपनीला तंबीचे पत्र धाडले होते. दुसरे, वर्षाला २७३ ऐवजी ३३६ सक्रिय गोळ्या पोटात जातात, म्हणजे नऊ आठवड्यांची संप्रेरके जास्त. गोळी कोणत्याही क्रमाने घेतली तरी शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो: लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या गोळ्यांवर वर्षाला दहा हजारांत पाच ते सात स्त्रिया, न घेणाऱ्यांत दोन. पस्तिशी उलटलेल्या धूम्रपान करणाऱ्या, उच्च रक्तदाबाच्या, डोळ्यांपुढे झगझगाट होऊन अर्धशिशी उठणाऱ्या, पूर्वी गुठळी झालेल्या स्त्रियांनी ही गोळी घेऊच नये. हे सगळे डॉक्टरांनी विचारायचे असते. गौरींच्या सामानाबरोबर गोळी आणणाऱ्याला ते विचारता येत नाही.

आणि ‘निसर्गतः बाईला इतक्या पाळ्या येतच नव्हत्या’ हा गोळीवाल्यांचा लाडका युक्तिवाद. मालीतल्या डोगोन लोकांत बेव्हर्ली स्ट्रासमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी केलेल्या अभ्यासातून असे दिसले की गर्भनिरोधन न वापरणाऱ्या, वारंवार गरोदर राहणाऱ्या आणि दीर्घकाळ अंगावर पाजणाऱ्या तिथल्या स्त्रीला आयुष्यात सुमारे १०० पाळ्या येतात. शहरी आधुनिक स्त्रीला साडेतीनशे ते चारशे. आकडा विलक्षण आहे. आपल्या पणज्यांचेही असेच काहीसे असणार. दहा बाळंतपणांच्या मध्ये पाळीला जागाच किती उरत असेल? म्हणून दर महिन्याला येणारी पाळी हा स्त्रीत्वाचा सनातन लय आहे ही आपली कल्पना बरीच अलीकडची, दोन मुलांवर थांबणाऱ्या कुटुंबाची, ठरते. पण यावरून पाळी थांबवणे हाच खरा निसर्ग, असे सिद्ध होत नाही. दहा बाळंतपणे आणि एक गोळी यांचा देहावर परिणाम सारखा कसा असेल? वक्त्यांनी निसर्गाचा कौल लावला, तसाच या मंडळींनीही लावला. देव एकच, गुरव तेवढे वेगळे.

आता गौरींच्या गोळीकडे परत येते. महाराष्ट्रात सणासुदीला, लग्नाला, सत्यनारायणाला, देवदर्शनाच्या सहलीला बायका जी गोळी घेतात ती बहुधा नॉरएथिस्टेरॉनची. अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून पाच मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा. बंद केली की दोनतीन दिवसांत रक्त येते. अशी घेतल्याने गर्भनिरोधन होत नाही, हे बहुतेकींना ठाऊक नसते. दुसरी गोष्ट त्याहून कमी जणींना ठाऊक असते: इतक्या मात्रेतल्या नॉरएथिस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, जवळजवळ गर्भनिरोधक गोळीत असते तितक्या, म्हणून गुठळीचा धोका असलेल्या बाईने तीही विचारल्याशिवाय घेऊ नये. याच गोळीच्या जोरावर आपल्याकडे पिढ्यांमागून पिढ्यांनी पाळ्या पुढे ढकलल्या. गणेशचतुर्थीला विटाळ नको म्हणून गोळी घ्यायची आणि दुसऱ्याच दिवशी, ऋषिपंचमीला, रजस्वला असताना कळत नकळत झालेल्या स्पर्शदोषाच्या क्षालनासाठी उपास करायचा! ज्याने हा क्रम लावला त्याच्यापुढे सीझनेलचा जाहिरातदार पोरसवदा वाटावा. या गोळीला कोणी ‘निसर्गावर आघात’ म्हटलेले मी ऐकले नाही. तिला म्हणतात ‘सोय’. घरातल्या देवासाठी रक्त थांबवले तर सोय. पोटात कळा येऊन दर महिन्याला दोन दिवस अंथरुणाला खिळणाऱ्या मुलीने स्वतःसाठी थांबवले तर हव्यास. चर्चासत्रातल्या टाळ्यांचे मला वाईट वाटते ते यासाठी.

देवाचे झाले, आता मुकादमाचे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी कामगार बायकांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचे २०१९ साली उजेडात आले. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने नेमलेल्या समितीने जी पाहणी केली तीत सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. नवराबायको मिळून एक कोयता, त्यावर घेतलेली उचल, एका दिवसाचा खाडा पडला की दंड, फडात ना आडोसा ना पाणी. पांढरे पाणी जाते, अंगावरून जाते अशी तक्रार घेऊन गेलेल्या तिशीच्या आतबाहेरच्या बाईला खासगी डॉक्टर कॅन्सरची भीती घालून पिशवी काढून टाकायला सांगतो. तीही विचार करते की पाळीची कटकट एकदाची गेली. ज्या प्रश्नाला तात्पुरते आणि मागे घेता येईल असे उत्तर वैद्यकाकडे निदान १९७७ पासून आहे, त्याला या बायकांना मिळाले ते कायमचे, कर्ज काढून घेतलेले आणि सुरीने दिलेले.

इथे मला कोणी म्हणेल, मग त्यांना गोळ्या वाटा, म्हणजे खाडा पडणार नाही. नेमकी हीच मला भीती आहे. मुकादमाने उचलीबरोबर गोळ्यांची पाकिटे वाटलेली मी कल्पनेत पाहू शकते. फडाला पाणी आणि बाईला रजा न देता गोळी दिली तर ती औषध राहत नाही, कोयत्याला लावलेली धार होते. स्त्री संघटनांचा या बाबतीतला जुना संशय मी म्हणूनच हसण्यावारी नेत नाही. नेट-एन या इंजेक्शनाविरुद्ध त्या १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या तेव्हा त्यांचा मुद्दा रास्त होता: बाईला न सांगता, न विचारता तिच्या दंडात दोनतीन महिने टिकणारे औषध सोडण्याचा सरकारला काय अधिकार? पण त्याच निकषावर गोळी वेगळी ठरते. इंजेक्शन एकदा टोचले की परत काढता येत नाही. गोळी आज रात्री घ्यायची नाही असे ठरवले की संपले. सलग घेणाऱ्यांतही गोळी सोडल्यावर बहुतेकींची पाळी तीन महिन्यांच्या आत परत येते. तिच्या हातात असलेल्या आणि तिच्या अंगात टोचलेल्या औषधांना एकाच शब्दाने झोडपण्यात कसला स्त्रीवाद आला?

म्हणून माझ्या मते वाद रक्त यावे की न यावे हा नव्हेच. कोणाच्या दिनदर्शिकेप्रमाणे यावे वा न यावे, हा आहे. गौरीपूजनाची तिथी, गळिताचा हंगाम, बॉस्टनच्या प्रयोगशाळेतले २० दिवस, सीझनेलचे ९१ दिवस. या प्रत्येकात कोणी तरी बाईच्या वतीने तारखा मांडल्या आहेत. तिने स्वतः एक पाकीट संपताच डॉक्टरांशी बोलून दुसरे उघडले आणि लोहाच्या गोळ्या बाजूला ठेवल्या, एवढ्यावरच आपला निसर्ग का दुखावतो? (सगळ्या गोळ्यांत एकसारखी मात्रा असेल अशाच पाकिटाला हे लागू आहे, टप्प्याटप्प्याने मात्रा बदलणाऱ्यांना नाही.) उलट नेहमीच्या पद्धतीत सुट्टीच्या आठवड्यात बीज पुन्हा वाढू लागते आणि पुढच्या पाकिटाच्या पहिल्या एकदोन गोळ्या चुकल्या तर गर्भ राहण्याचा धोका तिथेच सर्वांत जास्त असतो. जी सुट्टी दिलासा म्हणून ठेवली, तीच पाकिटातली सर्वांत नाजूक जागा आहे.

यात भाषेचा दोष किती, याचा विचार मराठीच्या मास्तरीणबाईने करायला हवा. कुटुंबनियोजनाच्या काळात मराठीने कितीतरी शब्द झटपट घडवले. तांबी बसवणे, पाळणा लांबवणे. आजही खेड्यातली बाई ते सहज वापरते. पाळणा लांबवता येतो, हे भाषेने मान्य केले. पाळी लांबवणे हा प्रयोग मात्र अजून औषधाच्या दुकानात हलक्या आवाजात होतो. खुद्द ‘पाळी’ या शब्दातच आळीपाळी आहे, नंबर लागणे आहे. आपली पाळी आली की निमूट उभे राहायचे. अडचण, बाहेर बसणे, कावळा शिवणे ही बाकीची शब्दसंपत्ती तर सांगायलाच नको. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, ते अश्लीलतेचे खटले अंगावर घेत. त्यांची मते सगळीच पटावीत असे नाही, पण एक गोष्ट त्यांनी करून दाखवली: शरीराविषयी मराठीत लाजेवाचून आणि अलंकारावाचून वाक्य लिहिता येते. तो धडा आम्ही वाङ्मयेतिहासात दोन गुणांच्या टिपेपुरता शिकवतो.

गेल्या सत्रात वर्गातली एक मुलगी सारखी गैरहजर राहू लागली म्हणून मी तिला बोलावले. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती पोटात इतरत्र वाढण्याचा आजार तिला आहे. पाळीत असह्य दुखते. डॉक्टरांनी सुट्टी न घेता सलग गोळ्या घ्यायला सांगितले होते. आई ऐकत नव्हती. लग्नाआधी गोळ्या म्हटल्यावर लोक काय म्हणतील हे एक, आणि रक्त आत साठून राहील हे दुसरे. भावाच्या लग्नात मात्र याच आईने तिला चार दिवस गोळ्या देऊन तारीख टाळली होती. मुलीने मला विचारले, ‘मॅडम, आईला वाचून कळेल असं मराठीत काही आहे का?’ मी शोधले. जे सापडले ते एक तर भाषांतरित पत्रक होते, नाही तर नवसासारखी लिहिलेली जाहिरात. मग एका रविवारी मी स्वतःच वहीचे पान घेऊन बसले आणि पहिल्याच ओळीत अडले. ‘गोळी घेताना दर महिन्याला येते ती’ इथपर्यंत लिहिले, आणि पुढे काय लिहावे ते सुचेना. ‘पाळी’ लिहिले असते तर खोटे झाले असते, ‘स्राव’ लिहिले तर त्या माउलीला आजार वाटला असता. शेवटी ‘ते रक्त’ एवढेच लिहिले आणि खाली एक चित्र काढून पातळ अस्तर दाखवले. आईने पान वाचले, असे मुलगी सांगते. गोळ्या सुरू झाल्या आहेत की नाहीत हे मी विचारलेले नाही. पण ती तासाला येऊ लागली आहे.